विभागाचा व्हिडिओ कॅमेरा तीन दिवसांसाठी इश्यू करून घ्यायचाय: काय तपासायचं, सेटिंग काय ठेवायचं?

दुसरं_सत्र:
आमच्या विभागाच्या स्टोअरमधून विद्यार्थ्यांना व्हिडिओ कॅमेरा मिळतो. शुक्रवारी दुपारी घ्यायचा, सोमवारी सकाळी परत. आठ-दहा मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. त्यात दोन मुलाखती: एक साध्या खोलीत, दुसरी कार्यशाळेत, जिथे मागे मशीन चालू असतं. बाकी काम करतानाची दृश्यं, थोडी घरात, थोडी भर उन्हात.

स्टोअरमध्ये दोन पर्याय आहेत. एक हातात धरायचा कॅमकॉर्डर, ज्याला एक्सएलआरच्या (व्यावसायिक माइकच्या तीन पिनांच्या केबलच्या) दोन जागा आहेत आणि झूम अंगचाच आहे. दुसरा मिररलेस (लेन्स बदलता येणारा, मुळात फोटोचा कॅमेरा), एका झूम लेन्ससह. फोटो काढायची सवय आहे, व्हिडिओची नाही. कोणता घेऊ? ताब्यात घेताना काय बघू? आणि कार्ड किती जीबीचं लागेल?

काउंटरपलीकडून:
तपासणीचं आधी सांगतो, कारण ती काउंटरवरच होऊ शकते. सही झाली की बॅगेतलं सगळं तुमच्या नावावर.

फॉर्मवर नुसतं ‘कॅमेरा संच – १’ लिहिलेलं असेल तर एकेक वस्तू लिहायला लावा. बॉडी आणि तिचा सीरियल नंबर, लेन्स, झाकणं, हूड, बॅटऱ्या किती, चार्जर आणि त्याची भिंतीत लावायची वायर, कार्ड, माइक, माइकचा फोम, केबल, ट्रायपॉड, आणि ट्रायपॉडची प्लेट. या यादीतली सगळ्यात जास्त हरवणारी वस्तू म्हणजे प्लेट. आधीचा माणूस ती कॅमेऱ्याच्या बुडाला तशीच ठेवतो, कॅमेरा दुसऱ्या बॅगेत जातो, आणि तुमच्या हातात कॅमेरा न बसणारा ट्रायपॉड राहतो. दुसऱ्या कंपनीची प्लेट बहुतेक वेळा बसत नाही. म्हणून तिथेच कॅमेरा ट्रायपॉडवर चढवा, लॉक करा, हात न काढता हलवून बघा. तिन्ही पाय पूर्ण उघडून प्रत्येकावर थोडा भार द्या. एखादं लॉक घसरत असेल तर ते तेव्हाच कळतं.

मग कॅमेरा सुरू करून एक मिनिट रेकॉर्ड करा आणि कॅमेऱ्यातच चालवून, हेडफोन लावून बघा. या एका मिनिटात बरंच उघडं पडतं. माइकची केबल कनेक्टरपाशी धरून हलवा. खरखर आली तर केबल बदलून मागा. झूम आणि फोकसची रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा. लेन्सचं छिद्र एफ १६ पर्यंत लहान करून (एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) पांढरी भिंत किंवा मोकळं आकाश धूसर फोकसमध्ये घ्या, सेन्सरवरची धूळ राखाडी ठिपक्यांसारखी दिसते. लेन्सवर झाकण ठेवून गेन (सिग्नल ताणून चित्र उजळ करणारी सेटिंग) वाढवा. काळ्यावर एकाच जागी चमकणारा ठिपका म्हणजे सेन्सरचा बाद झालेला पिक्सेल. यातलं काहीही दिसलं तरी कॅमेरा नाकारायची गरज नाही, फॉर्मवर लिहून घ्या. ओरखडे, तुटलेली झाकणं, सैल झालेलं बॅटरीचं दार यांचे मोबाइलवर फोटो काढा.

एसडी कार्डाच्या कडेचं छोटं लॉक बघा. ते सैल झालेलं असेल तर कार्ड आत सरकवताना आपोआप खाली येतं आणि कॅमेरा ‘कार्ड लॉक्ड’ म्हणून अडून बसतो.

फॉर्मची मागची बाजूही वाचा. चोरी झाली तर जबाबदारी कोणाची, गाडीत ठेवलेली वस्तू विम्यात धरतात का, तुमच्या गटातला दुसरा कोणी चालवू शकतो का, हे तिथेच लिहिलेलं असतं.

पंचवीस_फ्रेम:
मुलाखतींसाठी डोळे मिटून कॅमकॉर्डर घ्या. एक्सएलआर थेट लागतो, एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी राखाडी काच) बहुधा आतच असतो, बॅटरी टिकते. शिवाय जुन्या मिररलेसमध्ये २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. समोरचा माणूस रंगात येऊन बोलत असतो आणि कॅमेरा गुपचूप स्टँडबायवर गेलेला असतो. मिररलेसचा फायदा कमी उजेडात आणि मागचं धूसर करण्यात. कार्यशाळेत अंधार फार असेल तरच त्याचा विचार करा.

फोटोची सवय असलेल्यांना नडणारी गोष्ट म्हणजे शटर. व्हिडिओत ते प्रकाश कमी करण्याचं साधन नाही. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५०, ३० असतील तर १/६०, आणि ते तिथेच राहू द्यायचं. १/५०० वर नेलंत तर हातांच्या हालचाली तुटक, टोचऱ्या दिसतात. फ्रेमचा आकडा विजेवरून ठरवा. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, म्हणून २५ फ्रेम आणि १/५० किंवा १/१००. ६० हर्ट्झ असेल तर ३० आणि १/६०. हे जुळलं नाही तर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकतात आणि ते एडिटिंगमध्ये नीट जात नाहीत. काही स्वस्त एलईडी याउपरही लुकलुकतात. मुलाखतीआधी दहा सेकंद घेऊन मोठ्या स्क्रीनवर बघा, दिवा बदला.

मग भर उन्हात काय? हिशोब असा: कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/५० असेल तर लेन्स एफ २२ पर्यंत बंद करावी लागते. तेवढी बंद केली की चित्र मऊ पडतं, छोट्या सेन्सरच्या कॅमकॉर्डरमध्ये तर एफ ८ नंतरच मऊ व्हायला लागतं. एफ ४ वर राहायचं तर पाच स्टॉप (एका स्टॉपला उजेड निम्मा) कापायला हवेत, म्हणजे उजेड १/३२ करणारा एनडी ३२. कॅमकॉर्डरवर बहुधा १/४, १/१६, १/६४ अशी कळ असते. उन्हात १/१६ किंवा १/६४. पण आत आल्यावर ती परत ‘क्लिअर’वर आणायची. एनडी लागलेला असताना गेन १८ डीबीवर चढवून अंधाराशी झगडणारे विद्यार्थी दर आठवड्याला दिसतात, आणि चित्रात मुंग्या भरतात.

व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून लावायची सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. माणूस जरा पुढे वाकला, खिडकी फ्रेममध्ये आली, की वाक्याच्या मधेच चेहऱ्याचा रंग बदलतो. पांढरा कागद चेहऱ्याजवळ धरून कस्टम घ्या, नाहीतर आकडा टाका: दिवसाच्या उजेडाला ५६०० केल्विन, पिवळ्या बल्बला ३२००. दोन्ही एकत्र असतील तर एक बंद करा.

फोकसची युक्ती: कॅमकॉर्डरवर पूर्ण झूम करून डोळ्यावर फोकस करा, मग हवी तेवढी फ्रेम मोकळी करा, फोकस टिकतो. फोटोच्या झूम लेन्सवर हे बहुतेकदा चालत नाही, झूम बदलला की फोकस सरकतो. तिथे फ्रेम आधी ठरवा, मग डिस्प्लेवर चित्र मोठं करून फोकस करा.

फिकट_रंग:
वरच्या प्रतिसादात एक भर. कॅमेऱ्यात लॉग प्रोफाइल (उजेड-सावलीचे तपशील राखण्यासाठी चित्र मुद्दाम फिकं रेकॉर्ड करणारी सेटिंग) असेल तर तेच वापरा. खिडकीबाहेरचं आकाश वाचतं आणि नंतर रंग हवे तसे करता येतात.

पंचवीस_फ्रेम:
@फिकट_रंग, पहिल्यांदा व्हिडिओ करणाऱ्याला हा सल्ला देऊ नये. कॅमेरा ८ बिटचा असेल तर प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्याच असतात. लॉगमध्ये त्या आधीच दाबून बसवलेल्या असतात, नंतर ताणल्या की आकाशात आणि भिंतीवर पट्टे उमटतात. १० बिटला १०२४ पायऱ्या मिळतात, तिथे ठीक. त्यात लॉगमध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांचा आयएसओ ५००-८०० च्या खाली उतरत नाही, म्हणजे उन्हात आणखी एनडी. साधं प्रोफाइल ठेवा, झेब्रा (ठरावीक उजेडाच्या भागावर स्क्रीनवर दिसणारे तिरपे पट्टे) ७० टक्क्यांवर लावा आणि गोऱ्या त्वचेच्या उजळ भागावर तो जेमतेम दिसेल एवढा प्रकाश घ्या. सावळ्या त्वचेवर तो दिसेपर्यंत वाढवत बसलात तर चेहरा उडेल. तिथे झेब्रा १०० वर ठेवून फक्त काही जळत नाही ना एवढं बघा.

फिकट_रंग:
८ बिटचं मान्य. १० बिट असेल तर माझं मत कायम.

कान_उघडे:
सगळे चित्राबद्दल बोलताहेत. मुलाखतीचं चित्र थोडं हललं तर लोक बघतात, आवाज घुमला तर बंद करतात.

कॅमेऱ्यावरचा माइक मुलाखतीला वापरू नका, तो तोंडापासून दोन मीटर लांब असतो. अंतर निम्मं केलं की थेट आवाज साधारण ६ डीबीने वाढतो, मागच्या मशीनचा मात्र तेवढाच राहतो. म्हणून कॉलरचा माइक घ्या आणि हनुवटीखाली एक वीतभर लावा. गळ्यातली साखळी, ओढणी, जाकिटाची चेन त्यावर घासणार नाही असं बघा. केबलचा एक छोटा वळसा कपड्याच्या आत चिकटपट्टीने दाबून ठेवा, म्हणजे ओढ माइकपर्यंत पोचत नाही.

जोडणीतल्या नेहमीच्या चुका. एक्सएलआरच्या जागेजवळ लाइन, माइक, माइक+४८ व्होल्ट अशी कळ असते. कंडेन्सर शॉटगनला (मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या, वीज लागणाऱ्या लांब माइकला), आत बॅटरी नसेल तर, ४८ व्होल्ट लागतात, त्याशिवाय तो मुका. साध्या डायनॅमिक माइकला नुसतं ‘माइक’. ‘लाइन’वर राहिली तर आवाज खूप बारीक येतो आणि माणसं माइक बिघडला म्हणून परत करतात. मिररलेसच्या छोट्या जागेला मोबाइलसाठीचा माइक लावू नका. पिनवर तीन काळ्या पट्ट्या असतील तर तो मोबाइलचा, कॅमेऱ्याला दोन पट्ट्यांचा हवा. नाहीतर अडॅप्टर घ्या.

ऑटो लेव्हल बंद करा. ती चालू असली की माणूस थांबला रे थांबला की मशीनची घरघर वर येते, बोलला की खाली जाते, आणि हा झोका नंतर काढता येत नाही. हाताने लावा: नेहमीचं बोलणं मीटरवर उणे २० ते उणे १२ डीबीच्या मधे, जोरात हसला तरी उणे ६ च्या वर नको. शून्याला लागलेला आवाज फाटतो, तो दुरुस्त होत नाही. ‘लो कट’ (खालच्या पट्टीची घरघर छाटणारा फिल्टर) चालू ठेवा, हेडफोन शेवटपर्यंत कानावर. मीटर हलतंय म्हणजे आवाज चांगलाच येतोय असं नाही. घासणं, गुणगुण, मोबाइलची टरटर मीटरवर दिसत नाही.

कार्यशाळेत मुलाखतीपुरतं मशीन बंद ठेवता येईल का, हे आधीच विचारून ठेवा. मशीनचा आवाज वेगळा दोन मिनिटं घ्या, एडिटिंगमध्ये हवा तेवढा खाली घाला. मुलाखत संपल्यावर कोणालाही उठू न देता खोलीची शांतता एक मिनिट रेकॉर्ड करा, कापलेल्या जागा त्यानेच बुजतात.

दुसरं_सत्र:
सगळ्यांचे आभार, कॅमकॉर्डरच घेतो. त्याच्या माहितीपत्रकात १०० एमबीपीएस लिहिलंय. कार्डाचा हिशोब कसा करू? दोन खाचा आहेत. आणि कॅमेरा परत देण्याआधी कार्डावरचं नीट उतरलं की नाही हे कसं कळणार?

तीन_प्रती:
एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट. मेगाबाइट (एमबी) हवे तर आठने भागा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. ६४ जीबीच्या कार्डावर ८० मिनिटांच्या आसपास. दोन मुलाखती चाळीस-चाळीस मिनिटांच्या आणि दृश्यं दीड तास धरली तर सव्वाशे जीबी सहज होतात. ६४ ची तीन कार्डं घ्या. वेगासाठी व्ही३० पुरे, त्याचा अर्थ सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. ३२ जीबी किंवा लहान कार्ड असेल तर त्यावर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, कॅमेरा दर साडेपाच मिनिटांनी नवीन फाइल करतो. घाबरू नका, त्या ओळीने लावल्या की जुळतात.

दोन खाचांचे दोन उपयोग असतात: एक भरलं की दुसरं, किंवा दोन्हींवर एकाच वेळी. मुलाखतीला दुसरा निवडा, कारण ती परत घेता येत नाही. मग त्या वेळी कार्डं दुप्पट लागतात हे धरून चाला.

कार्ड कॅमेऱ्यातच फॉर्मॅट करा, कॉम्प्युटरवर नको. पण त्याआधी कार्डात आधीच्या विद्यार्थ्याचं काही आहे का, ते स्टोअरला विचारा. उतरवताना एकेक क्लिप निवडू नका, सगळ्यात वरच्या फोल्डरपासून पूर्ण रचना जशीच्या तशी कॉपी करा. विशेषतः एव्हीसीएचडी (एक रेकॉर्डिंग फॉरमॅट) कॅमेऱ्यात लांब शॉट अनेक एमटीएस फाइलींत तुटलेला असतो. सोबतची माहिती नसेल तर सांध्यावर काही फ्रेम आणि आवाज गळतो. कॉपी झाल्यावर कार्ड आणि कॉपी यांचा एकूण आकार आणि फाइलींची संख्या ताडून बघा, मग प्रत्येक क्लिप सुरुवातीला, मधे आणि शेवटी चालवून बघा. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. दोन्ही झाल्याशिवाय कार्ड फॉर्मॅट नाही.

रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी गेली तर शेवटची फाइल बंद झालेली नसते, कॉम्प्युटरवर उघडत नाही. कार्ड काढू नका. चार्ज बॅटरी घालून तोच कॅमेरा सुरू करा, बरेच कॅमेरे ‘रिकव्हर’ विचारतात, ‘हो’ म्हणा. चुकून फॉर्मॅट झालं तर त्या कार्डावर पुढे एक सेकंदही रेकॉर्ड करू नका. साध्या फॉर्मॅटमध्ये बहुधा फक्त यादी पुसली जाते, फाइली आत असतात, आणि फोटोरेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरने बऱ्याच परत मिळू शकतात.

काउंटरपलीकडून:
परत करण्याबद्दल राहिलं होतं. प्लेट ट्रायपॉडला, कॅमेऱ्याला नाही. माइकमधली बटन सेलची किंवा एए बॅटरी काढून ठेवा, ती गळते. केबल कोपराभोवती गुंडाळू नका, आतली तार पिळवटते. एक वळसा वरून, एक खालून असे सैल ठेवा. मेन्यूतून सेटिंग रीसेट करा. कॅमेरा पावसाळी हवेत बाहेरून एसीच्या खोलीत आणलात तर फरक पडत नाही, उलट्या दिशेने पडतो: थंड लेन्सवर बाहेर आल्या आल्या दव धरतं. बाहेर नेताना बॅग बंद ठेवूनच अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

आणि शुक्रवारी घेताना बॅटऱ्या भरलेल्या आहेत असं गृहीत धरू नका. सगळ्या त्या रात्री स्वतः चार्ज करा. एखादी तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्येच निम्म्याच्या खाली आली तर तिच्यावर चिकटपट्टी लावून तसं लिहा, सोमवारी देताना तेवढं तोंडीही सांगा.