उत्तर: घरचा जुना पीसी बदलताना

२०१४ चा डेस्कटॉप सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात, म्हणून लॅपटॉप घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. वरच्या उत्तरांत सगळ्यांनी लॅपटॉपच सुचवलाय. पण तुमचा पीसी मुख्यतः हार्ड डिस्कमुळे अडतोय असं मला वाटतं. आमच्याकडे बाबांच्या जुन्या मशीनला २४० जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, तिच्याहून खूप वेगवान डिस्क) बसवली आणि रॅम ४ वरून ८ जीबी केली. आता अर्ध्या मिनिटात सुरू होतं.

खरी अडचण वेगळी आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि २०१४ चे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. म्हणून आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. पेपर वाचणं, यूट्यूब, इन्स्क्रिप्टने मराठी टायपिंग, सगळं छान चालतं. मात्र टॅली किंवा एखादं विंडोजचंच सॉफ्टवेअर रोज लागत असेल, तर नवं घ्या.

नवं घेताना ८ जीबी रॅम आणि एसएसडी याखाली अजिबात जाऊ नका. ६४ जीबी ईएमएमसीवाले (एसएसडीऐवजी बोर्डवरच बसवलेली छोटी, संथ मेमरी असलेले) स्वस्त लॅपटॉप तर कृपया टाळाच, विंडोजच्या अपडेटलाच जागा उरत नाही. रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे का, हे दुकानात विचारा, म्हणजे पुढे वाढवता येईल की नाही ते कळेल. लाईट वारंवार जात असेल तर लॅपटॉप सोयीचा, नाहीतर यूपीएसचा खर्च धरा. आजी-आजोबा वापरणार असतील तर मोठा मॉनिटर हवाच. तुमचा जुना चालू असेल, तर तोच नव्याला जोडा.