करिअर दहा वर्षांचं, म्हणून पगार कोटींचा?

घोडबंदरकर: काल ठाणे-वाशी गाडीत दोघांची जुंपली होती. २०२४च्या आयपीएल लिलावात लखनौने ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं, त्यावरून. एक म्हणे, "पस्तिशीत घरी बसणार बिचारा, तोवर आयुष्यभराचं कमवायला नको?" ऐरोली आलं म्हणून गप्प उतरलो, ते इथे बोलतो. हे २७ कोटी एका मोसमाचे. कर जाऊन पंधरा-सोळा उरले आणि नुसते मुदत ठेवीत टाकले, तरी वर्षाला कोटीच्या आसपास व्याज. एका मोसमात जन्माचं निघालं की! आणि वाशी मार्केटात पन्नास किलोची गोणी पाठीवर घेणाऱ्या माथाड्याची कंबर काय साठीपर्यंत टिकते?

नेरुळचा नाना: माथाड्याला बघायला कोणी तिकीट काढतं का? २०२३ ते २०२७चे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले, सामने धरले होते ४१०. भागा. सामन्यामागे ११८ कोटी. आणि २०२५च्या मोसमासाठी संघाला अख्खे खेळाडू घ्यायला मर्यादा होती १२० कोटींची! म्हणजे एका सामन्याच्या हक्कांत जवळजवळ एक संघ. पंत स्वस्तात पडलाय. त्याचे कापलेत तर ते काय माथाडी बोर्डात जमा होणार? मालकांच्या खिशात जातील.

घोडबंदरकर: मग "लोक बघतात म्हणून" असं सरळ म्हणा. छोट्या करिअरचं रडगाणं कशाला?

कळव्याची पकड: मी कबड्डीतला डावा कोपरा, जिल्ह्यापर्यंत खेळलो. चोविसाव्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट गेलं. करिअर छोटं म्हणून पैसे मिळत असते, तर कबड्डीवाले कधीच बंगल्यात गेले असते. २०२३मध्ये प्रो कबड्डीच्या लिलावात पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांची बोली लागली तर आम्ही नाचलो होतो. पंतच्या दहाव्या हिश्शाएवढीही नाही ती. आमची पोरं अजून खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातली सरकारी नोकरी बघून मॅटवर उतरतात. लग्न नोकरीवर ठरतं हो, चढाईवर नाही.

नेरुळचा नाना: गुडघ्याचं वाईट झालं. पण हजारात एक वर पोचतो, म्हणूनच वरचा आकडा मोठा लागतो. पहिलं बक्षीस लहान केलं तर लॉटरीचं तिकीट कोण घेईल?

कळव्याची पकड: तिकीट फुकट गेलं तर शंभर रुपये जातात, नाना. मला अडतिसाव्या वर्षी कठडा धरल्याशिवाय जिना उतरता येत नाही.

पाचपाखाडीची आई: नानांचं "लोक बघतात" अर्धंच खरं. बायकांचं क्रिकेट कोण बघतं, असं आमच्या घरीही म्हणायचे. क्रिकेट बोर्डाने २०२२मध्ये बायकांचं सामन्याचं मानधन पुरुषांसारखंच केलं, कसोटीला १५ लाख, वनडेला ६. तेव्हा कुठे एवढी गर्दी होती? मग २ नोव्हेंबर २०२५ला डी. वाय. पाटीलवर विश्वचषकाची फायनल. पावसाने उशीर, मध्यरात्र झाली, लेक मांडीवर पेंगत होती, तरी एक माणूस हलेना. आधी पैसे लावले, मग लोक आले.

नेरुळचा नाना: त्या रात्री मीही तिथेच होतो. पण पैसे लावले म्हणजे लोक येतातच असं नाही हं, आमच्या सोसायटीच्या कॅरम स्पर्धेला विचारा. २७ कोटींवर मी ठाम आहे.