शलमोनाचे तारण झाले असे कशाच्या आधारावर मानावे?

प्रश्न (भायखळ्याची अभ्यासक)

सर्वांना ख्रिस्तात सप्रेम सलाम. भायखळ्याच्या आमच्या मराठी मंडळीत सध्या बायबल अभ्यासाला १ राजे हे पुस्तक घेतले आहे आणि अकराव्या अध्यायापाशी चर्चा अडली आहे. ज्याने मंदिर बांधले, ज्याला परमेश्वराने दोनदा दर्शन दिले, तोच दाविदाचा पुत्र शलमोन राजा उतारवयात ७०० राण्या आणि ३०० उपपत्नींच्या नादाने यरुशलेमेसमोरच्या डोंगरावर मवाबी लोकांच्या कमोश या दैवतासाठी उच्च स्थान, म्हणजे पूजेचे ठिकाण, बांधतो. दाविदाने नाथान संदेष्ट्यासमोर आपले पाप कबूल केले; शलमोनाच्या तोंडी तशा कबुलीचे एक वाक्यही राजांच्या पुस्तकात नाही. मग त्याच्या तारणाची, म्हणजे पापातून सुटका होऊन त्याला देवाजवळ स्थान मिळाल्याची, आशा आपण कशावर ठेवायची? ‘ते देवालाच ठाऊक’ हे उत्तर मला मान्य आहे, पण वचने नीट तपासण्याआधीच ते देऊन मोकळे होणे मला पटत नाही.

उत्तर (परळचा वाचक)

मी आशा ठेवतो, आणि तिला आधार आहे. २ शमुवेल ७ मध्ये देव दाविदाला सांगतो की, तुझ्या पुत्राने अपराध केला तर मी त्याला शिक्षा करीन, पण आधीचा राजा शौल याच्यावरून काढून घेतली तशी माझी कृपा त्याच्यावरून काढून घेणार नाही. जन्मताच त्याला यदीद्या, म्हणजे परमेश्वराला प्रिय, हे नाव मिळाले होते, आणि कित्येक शतकांनंतर नहेम्या त्याचे पाप स्पष्ट शब्दांत सांगतानाही तो देवाला प्रिय होता हे आवर्जून नोंदवतो. १६१८-१९ च्या डॉर्ट (नेदरलँड्स) येथील प्रोटेस्टंट धर्मसभेने मांडलेली भूमिका मला इथे योग्य वाटते : देवाने निवडलेला माणूस घोर पापात पडू शकतो, परंतु देव त्याला कायमचा हातातून सुटू देत नाही. उपदेशक हे पुस्तक परंपरेप्रमाणे शलमोनाचे मानले, तर तो पश्चात्तापही आपल्यासमोर आहे.

उत्तर (अंधेरीची मेथडिस्ट)

परळच्या बंधूंनी दिलेले वचन खरे आहे, मात्र त्याच्या शेजारी १ इतिहास २८:९ ठेवल्याशिवाय ते पुरे होत नाही. तिथे वृद्ध दावीद शलमोनालाच बजावतो की, तू परमेश्वराला शोधशील तर तो तुला पावेल, पण तू त्याला सोडलेस तर तो तुझा कायमचा त्याग करील. हा इशारा नेमका त्याच माणसाला, नावानिशी दिलेला आहे. शिवाय २ शमुवेल ७ चा ओघ दाविदाच्या घराण्याच्या राज्यासनाविषयी आहे. पुढे राज्य फुटून इस्राएलाचे दहा वंश गेले तरी दाविदाच्या घराण्याकडे एक वंश राहिला, म्हणजे ते अभिवचन पाळले गेले. त्यातून शलमोनाच्या आत्म्याचा निकाल काढणे मला धाडसाचे वाटते.

माझ्या मनाला सर्वांत जास्त टोचते ते अकराव्या अध्यायाचे चाळिसावे वचन, ज्यावरून आपण सहसा घाईने पुढे जातो. राज्य फाटणार हे देवाने कळवल्यानंतर शलमोनाविषयी नोंदलेली शेवटची कृती कोणती? ज्याच्या हाती ते दहा वंश जाणार होते त्या यराबामाला तो ठार मारू पाहतो आणि यराबाम मिसरात शिशक राजाकडे पळून जातो. शिक्षा ऐकून बाप दावीद रडला होता. मुलगा शिक्षेचे साधन नष्ट करायला निघाला. विश्वासी माणूस कृपेतून ढळू शकतो असे आमच्या मेथडिस्ट पंथाचे प्रणेते जॉन वेस्ली शिकवीत असत, आणि हा अध्याय वाचताना त्यांचे म्हणणे मला टाळता येत नाही.

उत्तर (गोराईकर)

आम्हा कॅथलिकांच्या शिकवणीप्रमाणे गंभीर पापाने कृपा गमावता येते आणि पश्चात्तापाने ती परत मिळू शकते. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने हे स्पष्ट केले. शेवटच्या श्वासापर्यंत ती वाट खुली असते आणि शलमोनाचा शेवटचा श्वास शास्त्राने आपल्याला दाखवलेला नाही. चर्च संतांची नावे जाहीर करते, पण अमुक माणूस नरकात आहे असे नाव घेऊन तिने आजवर कधीही अधिकृतपणे जाहीर केलेले नाही, अगदी येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताबद्दलही नाही. त्याच्याविषयीची प्रभूची वचने अत्यंत कठोर आहेत, हे मी विसरत नाही. तरीही चांदीची तीस नाणी परत करताना, आपण निर्दोष माणसाला धरून दिले, हे त्याने बोलून दाखवले होते.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या पुनरुत्थानाच्या पवित्र चित्रांत ख्रिस्त आदामाचा हात धरून त्याला कबरेतून ओढून काढतो आणि बाजूला मुकुट घातलेले दोन राजे उभे असतात : दावीद आणि शलमोन. मेथडिस्ट भगिनींचा चाळिसाव्या वचनाचा मुद्दा वजनदार आहे, पण शतकानुशतके प्रार्थना करणाऱ्या लोकांनी त्याला तिथे उभे केले, हेही मला तितकेच वजनदार वाटते.

भायखळ्याची अभ्यासक

तिघांचेही मनःपूर्वक आभार. पुढच्या अभ्यासात २ शमुवेल ७, १ इतिहास २८ आणि ते चाळिसावे वचन एकत्र वाचायचे असे मी सुचवणार आहे. परळच्या बंधूंना एक विचारते : इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात, विश्वासाने जगलेल्यांच्या यादीत, शमशोन आहे, नवसापायी स्वतःच्या मुलीचा बळी देणारा इफ्ताहही आहे, पण शलमोनाचे नाव नाही. आपल्या भूमिकेतून याचा अर्थ कसा लावाल?