विहारातल्या मुलांचे खेळ : कोणी 'बाद' न होता खेळवलेत का? अनुभव लिहा

जयभीम, नमो बुद्धाय. आमच्या विहारात दर रविवारी बालवर्ग भरतो, वीस-बावीस मुलं येतात. त्रिसरण-पंचशील सगळ्यांना तोंडपाठ. पण वंदना संपली रे संपली की पुढच्या चटईवर कोण बसणार म्हणून ढकलाढकली. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासाचे (भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा काळ) तीन महिने हाताशी आहेत. एकमेकांना सांभाळून घेणं खेळातून शिकवलं असेल तर लिहा. फसलेलंही लिहा.

●
सम्मोदमान जातकातली (जातकं म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा) लावा पक्ष्यांची गोष्ट सांगा. पारध्याचं जाळं सगळे मिळून उचलतात, उडतात आणि काटेरी झुडपावर टाकून निसटतात. पुढे चुकून एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो, त्यावरून जुंपते आणि सगळे सापडतात. मी आईची जुनी सुती साडी दुहेरी करून तेच जाळं केलं. बारा मुलांनी कडा धरायच्या, मधे चेंडू, तो न पाडता बोधिवृक्षापर्यंत जायचं. एका कोपऱ्यात पहिलीतला ठेंगणा मुलगा होता. चेंडू दर वेळी त्याच्याकडेच घरंगळायचा आणि सगळे त्याच्यावर ओरडायचे. मी तोंडातून शब्द काढला नाही. चौथ्या खेपेला सातवीतली एक मुलगी वाकली, हात त्याच्या खांद्याएवढे खाली आणले. बाकीचेही वाकले. चेंडू पोचला.

●
आम्ही संगीत खुर्ची उलटी खेळतो. गाणं थांबलं की एक आसन कमी, मूल मात्र एकही कमी होत नाही. शेवटी दोन आसनांवर नऊ जण, कुणी मांडीवर, कुणी गळ्यात पडलेलं. आमच्याकडची एक मुलगी आधी पहिल्याच फेरीत बाद व्हायची आणि मग दाराशी चपला लावत बसायची. तिच्यासाठीच हा बदल केला.

●
माझं फसलेलं. उन्हाळी शिबिरात गट पाडले आणि जिंकलेल्या गटाला कंपासपेट्या दिल्या. दुसऱ्या दिवशी मुलं 'तो आमच्यात नको, तो हळू पळतो' म्हणायला लागली. चूक माझीच होती. पुढच्या शिबिरात बक्षीस ठेवलंच नाही.

●
वरच्या ताईंशी सहमत, पण हारजीत अगदीच काढू नका. लगोरीत एकटा कितीही नेमबाज असला तरी रचायला सोबती लागतातच. मी फक्त नेम धरणारा दर डावाला बदलतो.

●
अनुरुद्ध, नंदिय आणि किम्बिल हे बुद्धाच्या काळातले तिघे भिक्खू गोसिंगच्या शालवनात दूध-पाण्यासारखे एकजीव राहत. भिक्षेहून आधी परतलेला आसनं मांडी, शेवटी आलेला झाडून काढी. पाण्याचं भांडं एकट्याला उचलेना तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवायचं, बोलायचं नाही. आम्ही ह्याचाच खेळ केला. पौर्णिमेला खीरदान झालं की सगळं मुक्याने आवरायचं. दोन मुलांनी कडीला धरलेली बादली पायरीवर हिंदकळली तेव्हा तिसरा धावत आला आणि खालून हात लावला. कोणी हाक मारली नव्हती.

●
जागा लहान असेल तर साडीचा खेळ बसूनही होतो. आमचा विहार दहा बाय बाराचा आहे. चेंडूऐवजी लिंबू घ्या, खिडकीच्या काचा वाचतात.