‘गाडी ओढते’ म्हणजे नक्की कधी? टॉर्क स्टिअर आणि व्हील हॉपसाठी मराठी शब्द

चिकोडीकर मास्तर
गॅरेजचं काम शिकणाऱ्या पोरांसाठी मराठीत एक टिपण लिहितोय. विषय असा: ज्या गाड्यांची पुढची चाकंच गाडी चालवतात, त्यांत टॉर्क स्टिअर आणि व्हील हॉप कमी कसे करायचे. पण मथळ्यालाच अडलोय. शब्दाला शब्द ठेवला तर ‘आघूर्ण-सुकाणू’ आणि ‘चाक-उडी’ होतं. पहिला वाचून पोरं पळतील, दुसरा वाचून हसतील.

अर्थ आधी सांगतो. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. टॉर्क स्टिअर म्हणजे एक्सिलेटर जोरात दाबला की स्टेअरिंग आपसूक एका अंगाला वळायला बघतं. व्हील हॉप म्हणजे गाडी झटक्यात काढताना पुढचं चाक रस्ता धरतं, सोडतं, पुन्हा धरतं, आणि गाडी पुढून थडथडते.

तुमच्याकडे याला काय म्हणतात? बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, कुठलंही चालेल. कानडी किंवा कोकणी असलं तरी सांगा.

उद्यमबागचा मिस्त्री
मास्तर, गिऱ्हाईक एकच वाक्य घेऊन येतंय, “गाडी ओढूलीय.” त्याच्यावरनं काय बी कळत नाही. मी विचारतो, कवा ओढते? ब्रेकला, पिकपला, का सरळ जाताना? ब्रेकला ओढत असंल तर कॅलिपर, पॅड, होज बघायचं. सरळ जाताना ओढत असंल तर हवा, टायर, अलाइनमेंट. पिकपला ओढते आणि एक्सिलेटर सोडला की गप होते, म्हणजे तुमचं टॉर्क स्टिअर. कानडी गिऱ्हाईक “स्टेरिंग एळीतैती” म्हणतंय. त्याला बी “यावाग?” म्हणून विचारावंच लागतंय.

टिळकवाडीच्या बाई
मिस्त्रींनी अर्धं काम केलंय. त्यांच्या वाक्यात वेगळं नाम कुठंच नाही, सगळा फरक ‘ला’ या प्रत्ययाने केलाय. ब्रेकला, पिकपला, तसंच आपण चढाला आणि वळणाला म्हणतो. हा ‘ला’ इथे ‘त्या वेळी’ या अर्थाचा आहे. बोलण्यात एवढं पुरतं. मथळ्याला नाम हवंच असेल तर ‘पिकपची ओढ’ म्हणा. ‘पिकप’ आता आपलाच झालाय, मालवाहू गाडीलाही तोच शब्द आणि गाडीच्या वेग घेण्यालाही तोच.

‘ओढ’ ऐकून कुणी हसू नये. माहेरची ओढ आणि पावसाने दिलेली ओढ सगळ्यांना आठवते. पण घटप्रभेच्या पाण्याला ओढ आहे, पोहायला उतरू नका, असंही आपण म्हणतोच की. दिसत नाही पण एका बाजूला खेचून नेते, ती ओढ. इथे तोच अर्थ हवा आहे.

भालकीकर
आमच्याकडे मिस्त्री दखनीत बोलतो, “गाडी खींचरी.” कधी, ते त्यालाही विचारावं लागतं.

कारवारकर
कोकणीत ‘वोडटा’. तीच गत.

टर्बोवेडा
मला ‘ओढ’ पटत नाही. ओढ सावकाश असते. टर्बो गाडीत दुसऱ्या गिअरला पाय दाबला की हातातलं स्टेअरिंग हिसकावून घेतल्यासारखं होतं. म्हणून ‘पिकपचा हिसका’ म्हणा. आणि कारण तर सोपंच आहे. जोडीतला एक बैल जास्त जोर लावतो, गाडी दुसऱ्या अंगाला वळते. एका चाकाला ताकद जास्त जाते, एवढंच.

चिकोडीकर मास्तर
बैलाचं उदाहरण ऐकायला बरं वाटतं, पण पोरांना ते शिकवलं तर चुकीचं शिकतील. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या भागात, दोन्ही बाजूंना टॉर्क जवळपास सारखाच जातो. बैल दोन्ही सारखेच ओढतायत. फरक आहे तो ताकद चाकापर्यंत पोचते त्या वाटेत.

इंजिन आडवं बसवलं की गिअरबॉक्स एका बाजूला जातो आणि त्याच्याबरोबर डिफरन्शियलही मधोमध राहत नाही. मग एका चाकाकडे जाणारा ड्राइव्ह शाफ्ट आखूड आणि दुसरा लांब होतो. दोन्हींच्या टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे तिरका असतानाही फिरणारा सांधा. आखूड शाफ्ट जास्त तिरका बसतो, लांब शाफ्ट कमी. तिरक्या जॉइंटमधून ताकद गेली की तिचा थोडा भाग चाक फिरवण्याऐवजी चाक वळवायला लागतो. दोन्ही बाजूंचे कोन सारखे असते तर डावं आणि उजवं एकमेकांना खोडून टाकतात. कोन वेगळे असले तर शिल्लक उरते आणि ती शिल्लक टाय रॉडमधून, म्हणजे स्टेअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांडीतून, तुमच्या हातात येते. जोरात पिकप घेतला की गाडीचं नाक वर उठतं, इंजिन माउंटिंगवर डोलतं, कोन आणखी बदलतात. म्हणून पाय जितका जोरात, ओढ तितकी जास्त.

लांब शाफ्टला पीळही जास्त बसतो. त्यामुळे पहिल्या क्षणाला ताकद दोन्ही चाकांना एकदम पोचत नाही. टर्बोवेडा म्हणतात तो हिसका बहुतेक हाच. म्हणून काही कंपन्या लांब शाफ्ट जाड आणि पोकळ करतात, म्हणजे तो आखडाइतकाच पिळतो. काही मधे एक वेगळा शाफ्ट घालून त्याला बेअरिंगचा आधार देतात, मग चाकाकडचे दोन्ही तुकडे एकाच लांबीचे होतात. गाडीखाली वाकून इंजिनाच्या ब्लॉकला टेकलेलं ते बेअरिंग दिसलं, तर कंपनीने या ओढीचा विचार केलाय असं समजायचं.

शहापूरचा जुना ड्रायव्हर
हे सगळं मारुती आल्यावरचं. ॲम्बॅसडर आणि पद्मिनीत ताकद मागच्या चाकांना, वळणं पुढच्यांना. पिकपला स्टेअरिंग का ओढेल? आमच्या पिढीला शब्दाची गरजच पडली नाही.

चिकोडीकर मास्तर
बरोबर, काका. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हा पुढची चाकं चालवणारी गाडी घरोघरी जायला लागली. पण तिचा टॉर्क ६० न्यूटन मीटरच्या आसपास, त्यात ओढ जाणवणार कुठे? डिझेल स्विफ्टमध्ये १.३ लिटरचं टर्बो इंजिन आलं, १९० न्यूटन मीटरचं, तेही २००० आरपीएमलाच. कमी आरपीएमला इंजिन निवांत असतं, टर्बो भरला की एकदम लोंढा येतो. आपल्या भागात ‘पिकपला ओढते’ हे वाक्य त्यानंतरच जास्त ऐकू यायला लागलं, असा माझा अंदाज.

टर्बोवेडा
मग फोर्डने फोकस आरएसमध्ये ३०५ पीएस आणि ४४० न्यूटन मीटर नुसत्या पुढच्या चाकांवर कसे घातले? २००९ ची गाडी. तिथं तर स्टेअरिंग हातातून उडून जायला हवं होतं.

चिकोडीकर मास्तर
चांगला प्रश्न. चाक ज्या कल्पित रेघेभोवती वळतं, तिला किंगपिनची रेघ म्हणतात. ती रेघ आणि चाकाचा मध्य यांत अंतर असतं, आणि ते अंतर तरफेसारखं काम करतं. चाक पुढे ढकललं गेलं की ही तरफ चाकाला वळवायला बघते. उजव्या आणि डाव्या बाजूची ढकल सारखी असली तर पुन्हा खोडाखोड. पण एक चाक वाळूवर आणि एक डांबरावर असेल, किंवा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल एका चाकाकडे जास्त ताकद पाठवत असेल, तर फरक थेट हातात. त्या फोकसमध्ये लिमिटेड स्लिप होतंच. म्हणून फोर्डने पुढचा नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं आणि वळतं तो भाग, दोन भागांत केला, म्हणजे वळण्याची रेघ चाकाच्या मध्याजवळ सरकली आणि तरफ आखूड झाली. ‘रेव्होनकल’ म्हणतात तो हाच. रेनोने मेगान आरएसमध्ये आणि जनरल मोटर्सने आपल्या काही गाड्यांत अशीच वेगळी रेघ केली.

याचा आपल्याकडच्या पोरांशी संबंध असा की कॉलेज रोडवर रुंद अलॉय आणि स्पेसर लावून चाकं बाहेर काढायची हौस आहे ना, तिने नेमकी हीच तरफ लांबते. कंपनीने कमी केलेलं आपण पैसे मोजून वाढवतो. वर इंजिनाच्या कंट्रोलरमध्ये चिप टाकून टॉर्क वाढवायचा, आणि मग मिस्त्रीकडे जायचं, गाडी ओढते म्हणून.

उद्यमबागचा मिस्त्री
ते खरं हाय. आणि गिऱ्हाईक स्पेसर काढू देत नाही.

खानापूरकर
व्हील हॉपचं राहिलंच. आम्ही चोर्ला घाटात चढाला गाडी थांबली की पुन्हा काढताना हे बघतो. आमच्याकडे ‘चाक नाचतंय’ म्हणतात. पण चिखलात फिरतं ते वेगळं हां. जांबोटीच्या आत पावसाळ्यात कच्च्या वाटेवर चाक गरागरा फिरतं, गाडी मात्र शांत उभी. नाचणं म्हणजे टायरला थोडी पकड मिळते तेव्हाचं. धडधड धडधड, आणि डॅशबोर्ड सुद्धा हलतो.

टिळकवाडीच्या बाई
‘गरगरणं’ आणि ‘नाचणं’ हा फरक सोन्यासारखा आहे, तो टिपणात जशाच्या तसा घ्या. मला मात्र ‘धरसोड’ सुचतो. मास्तरांनी अर्थ सांगताना स्वतःच वापरलाय, ‘धरतं, सोडतं, पुन्हा धरतं’. धरसोड वृत्तीचा माणूस आपण म्हणतो, तीच ही वृत्ती, चाकाची. ‘उडी’मध्ये कारण दिसत नाही. खड्ड्यातही चाक उडतंच की. ‘थडथड’ नुसता परिणाम सांगतो. ‘धरसोड’मध्ये कारण येतं.

चिकोडीकर मास्तर
बाई, हा शब्द यंत्राच्या अंगानेही अगदी बसतो. टायर रस्ता धरतो तेव्हा सगळी नरम वस्तू पिळते: टायरची बाजू, लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांडीचे) रबरी बुश, इंजिन माउंटिंग, शाफ्ट. हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, थोडा पुढे सरकतो. पीळ टायरच्या पकडीपेक्षा जास्त झाला की टायर सुटतो, साठलेला पीळ एकदम उलगडतो, हब मागे येतो. टायरवरचा भार बदलतो, तो पुन्हा धरतो. हे सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा होतं, कारण चाक, हब आणि टायर यांची वरखाली हलण्याची स्वतःची चाल तेवढीच असते. धरसोडीची चाल आणि ही चाल जुळली की थडथड वाढतच जाते. चढाला वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात, म्हणून खानापूरकरांना ते घाटात दिसतं.

म्हणजे मथळा असा: ‘पिकपची ओढ आणि चाकाची धरसोड’. खाली पहिल्याच ओळीत टॉर्क स्टिअर आणि व्हील हॉप हे शब्दही देतो. पोरांना उद्या पार्ट मागवताना तेच लागणार.

टर्बोवेडा
धरसोडीला इलाज काय लिहिणार? नेटवर सगळे पॉलियुरेथेन बुश सांगतात.

उद्यमबागचा मिस्त्री
इलाज मी सांगतो. पैल्यांदा पाय काढायचा. चाक नाचतंय तरी दाबत राहिलं तर शाफ्ट नाहीतर सीव्ही जॉइंट जातोय, कधी डिफरन्शियल बी. त्याच्या खर्चात बुशचे चार सेट येतील.

मग गाडी जॅकवर घ्यायची. लोअर आर्मच्या मागच्या बुशला पट्टी लावून दाबून बघायचं, रबर चिरलंय का, धातूपासून सुटलंय का. इंजिन माउंटिंग बघायचं, खालची टॉर्क रॉड असती ना, ती जास्त करून. बॉनेट उघडून ब्रेकवर गाडी धरून कुणाला तरी हळू क्लच सोडाय सांगायचं, इंजिन किती डोलतंय ते डोळ्याला दिसतंय. फक्त समोर उभं राहायचं नाही. शॉकअप गळतोय का. दोन्ही पुढचे टायर एकाच कंपनीचे, एकाच झिजेचे, दोन्हीत हवा सारखी. एकात ३३ आणि एकात २६ असली तर ओढणार बी आणि नाचणार बी.

जुन्या गाडीत एवढ्यानंच काम होतंय. रबराचे ओरिजिनल बुश नवे टाकले की निम्मी गाडी शांत. पॉलीचे बुश घट्ट असतात, पीळ कमी घेतात, धरसोड खरंच कमी होते. पण मग रस्त्याची प्रत्येक बारीक खडी आत सीटला कळती. घरचं माणूस बसणारी गाडी असंल तर मी नको म्हणतो.

खानापूरकर
आणि घाटात चढाला गाडी काढताना?

उद्यमबागचा मिस्त्री
हँडब्रेक धरायचा, क्लच हळू सोडायचा, आरपीएम कमी ठेवायचे, स्टेअरिंग सरळ. चाक वळवून जोर देऊ नका.

मास्तर, एक लिहा तेवढं. बुश बदलला की अलाइनमेंट करूनच गाडी द्यायची. नाहीतर पिकपची ओढ जाते आणि सरळ जाताना ओढायला लागते. मग गिऱ्हाईक परत तेच म्हणणार, “गाडी ओढूलीय.”