मदत हवी आहे: स्पर्धेआधी पाणी तोडायचं का? (70 किलो गट, जळगाव)

नमस्कार मंडळी. अकरा दिवसांवर शरीरसौष्ठवाची स्पर्धा आलीये आणि डोकं चालेनासं झालंय. लांबलं तर सांभाळून घ्या.

वय 27, उंची पाच फूट सहा इंच. गाव अमळनेर तालुक्यात. जळगावला खोली करून राहतो, एका दालमिलमध्ये हिशेब लिहितो. दिवाळीनंतर 81 किलो होतो, आज सकाळी 72.4. पहाटे पाचला उपाशीपोटी मेहरूण तलावाच्या चकरा, मिल सुटल्यावर दीड-दोन तास वजनं, रात्री आरशासमोर पोझिंग. खाणं म्हणजे 12 अंड्यांचं पांढरं, 400 ग्रॅम चिकन, मोजून भात, उकडलेल्या भाज्या, एक स्कूप व्हे (दुधातल्या प्रोटीनची पावडर). पगार 18 हजार, त्यातले साडेनऊ यातच जातात. दिवसभर डाळीच्या पोत्यांत बसतो आणि दोन महिने वरण चाखलेलं नाही.

इकडे कुस्ती कळते लोकांना. विजय चौधरींनी 2014 ते 2016 सलग तीनदा महाराष्ट्र केसरी मारली, ते अजून पारावर निघतं. माझ्या खेळाला 'चड्डीवर उभं राहणं' म्हणतात. असो.

मुद्दा असा. सरांनी शेवटच्या आठवड्याचा प्लॅन दिलाय: पाच दिवस आधी मीठ बंद, मग पाणी कमी करत करत शेवटच्या दिवशी घोटभर, कार्ब भरायला भात नि केळी, आणि जोडीला दोन 'पाण्याच्या गोळ्या'. म्हणे कातडी कागदासारखी होईल आणि वजनही 70 च्या आत बसेल. गोळीचं नाव विचारलं तर 'तू पोझिंगकडे लक्ष दे'. मागे इंजेक्शनचा विषय निघाला होता, मी नाही म्हणालो, तेव्हापासून ते जरा फुगलेलेच आहेत.

पारा 42 वर, मिलचं छप्पर पत्र्याचं. परवा बघू म्हणून अर्धा दिवस पाणी कमी प्यालो, तर पोटरीत असा गोळा आला की पोत्यावरच बसकण मारली. रविवारी घरी गेलो तर आई दारातच म्हणे, "काय हाल करी लिना रे पोऱ्या!"

कुणी हे केलंय का? आणि गोळी न घेता ड्राय, म्हणजे कातडीखाली पाणी नसल्यासारखं, दिसता येतं का?

पांझराकाठचा:
भो, मी केलंय. 65 च्या गटात, धुळ्याला. स्टेजवर चढलो तर दंड सपाट, आणि पाठ दाखवून डबल बायसेप्सची पोझ धरताना मांडीत गोळा. पंच पुढे सरकले, मी तिथेच लंगडत.

स्नायूत पाऊण भाग पाणीच असतं. तू भात खाशील तो ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, होऊन स्नायूत बसतो, आणि ग्रॅमभर ग्लायकोजेन तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पाणीच तोडलंस तर तो भात भरणार कशात? कातडीखालचं पाणी तेवढं वेचून काढता येत नाही, स्नायूतलं नि रक्तातलंही जातं. मीठ बंद केलं की पंपही (स्टेजआधी व्यायामाने स्नायू फुगतात ते) येत नाही. आता जी रेघ दिसत नाहीये ती बहुतेक चरबीखाली आहे. त्यावर गोळी नाही.

औषधवाली ताई:
भाऊ, मी मेडिकलमध्ये बसते. 'पाण्याची गोळी' म्हणजे लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणारी, पण ती एकच गोळी नव्हे. फ्युरोसेमाइड पोटॅशियम बाहेर काढते, स्पायरोनोलॅक्टोन ते आत अडवते. मध्यम केळ्यात 400 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. दुसऱ्या जातीची गोळी, पाणी बंद आणि वर डझनभर केळी, तर पोटॅशियम चढणार. पहिल्या जातीची घेतलीस तर उतरणार. दोन्हीकडे हृदयाचे ठोके बिघडतात आणि आरशात काहीच दिसत नाही. मोहम्मद बेनअझीझा 1992 मध्ये हॉलंडच्या स्पर्धेनंतर काही तासांत गेला. व्यावसायिक खेळाडू होता तो, नवखा नव्हता.

पोटरीत गोळा आलाच आहे, तर उद्या डॉक्टरांकडे जा. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासून घे. लघवी चहासारखी झाली किंवा छातीत धडधडलं तर इथे लिहीत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ.

धागाकर्ता:
ताई, केळ्याचं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे केळी म्हणजे पाहुण्याच्या हातात ठेवायची वस्तू.

गोळी रद्द. पण दादा, वजनाचं काय? 72.4 घेऊन 75 च्या गटात उभा राहिलो तर बारीक दिसेन.

पांझराकाठचा:
दिसशील. खोटं कशाला सांगू. पण अकरा दिवसांत फार तर किलोभर चरबी उतरेल, त्यापुढचं सगळं पाणीच. 75 मध्ये उभा राहा, आयोजकांना आजच फोन करून गटाचं विचारून घे. मीठ-पाणी रोजचंच ठेव. सातही पोझ वीस-वीस सेकंद धरून बघ, पहिल्या स्पर्धेत पोरं पोझिंगमध्येच धापा टाकतात. आणि स्टेजसाठी अंगाला लावायच्या रंगाचे दोन हात आदल्या रात्रीच लाव. या उकाड्यात घाईघाईत लावलेला रंग ओघळतो, मग वाघासारखे पट्टे.

धागाकर्ता:
सरांना संध्याकाळी सांगितलं. 'मग माझं नाव सांगू नको' म्हणाले. बरं. रक्त दिलंय, रिपोर्ट उद्या.

एकच राहिलं. स्पर्धेनंतर चार दिवसांनी आखाजी (अक्षय्य तृतीया) आहे. आई खापरावरचे मांडे करणार, सोबत आमरस. किती चालतील?

औषधवाली ताई:
रिपोर्ट नीट आले तर दोन, निवांत बसून. स्पर्धेच्या रात्रीच मीठ-साखर कोंबायला सुरुवात केलीस तर आखाजीला सुजलेले पाय घेऊन जाशील. रिपोर्टमधले आकडे इथे टाक.