काकूची बदकं आणि खताचा खड्डा (घरच्या ग्रुपवरून)

मधली काकू, स. ६:१२
आज पुन्हा दोन बदकं गेली. रात्री खाऊनपिऊन बसली होती. सकाळी पाह्यलं तं एक आडवं, दुसऱ्याची मान मातीत, डोळे उघडे. बाजारातून आणलेल्या नऊमधली पाच राह्यली. त्यातली दोन आत्ता बसूनच हायत, उठत नाहीत. कोणी काही टाकलं असेल तं सांगून टाका. कोणाच्या डोळ्यात खुपून राह्यली होती ते मले माहीत हाय.

शेडवाला दादा, स. ६:२०
काकू, नाव घेऊन बोला ना. मी नालीच्या पाण्याबद्दल बोललो होतो, बदकांबद्दल नाही. इष (विष) टाकायची आपल्या घरात रीत नाही.

मोठे काका, स. ६:२२
शुभ सकाळ. आजचा दिवस सर्वांना आरोग्यदायी जावो 🙏🌺

पशुधन ताई, स. ६:२५
काकू, मेलेलं बदक पुरू नका, बर्फात ठेवा. पाण्यात थोडं साबण टाकून पिसं आतपर्यंत ओली करा म्हणजे अंग लवकर थंड होते. मग दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, एकीत एक, आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फ. डीप फ्रीजरमध्ये नको, गोठलं की आतडी-यकृत तपासायच्या कामाचं राहत नाही. २४ तासांच्या आत दवाखान्यात पोचलं पाहिजे. हातात मोजे, तोंडाला फडकं.

कृषी केंद्रवाले भाऊजी, स. ६:३१
वहिनी, टेट्रासायक्लिनची पुडी अन् लासोटाची शिशी पोराच्या हातानं पाठवून राह्यलो. पाण्यात टाका, संध्याकाळपर्यंत बरी होतात.

पशुधन ताई, स. ६:३४
भाऊजी, लासोटा राणीखेत या विषाणूच्या रोगाची लस आहे, औषध नाही. राणीखेत कोंबड्यांना झोपवते, बदकांत सहसा लक्षणंही दिसत नाहीत. आणि टेट्रासायक्लिन जिवाणूंवर चालते, विषाणूवर नाही, विषावर तर नाहीच. पक्ष्यांचा कॉलरा (जिवाणूंचा रोग) असेल तर उपयोग होईल, पण कॉलराच आहे हे कोणी ठरवलं?

कृषी केंद्रवाले भाऊजी, स. ६:३५
वीस वर्षं दुकान चालवून राह्यलो ताई.

पशुधन ताई, स. ६:३८
दुकानाचा मान आहेच. काकू, एवढं सांगा. कोंबड्या ठीक आहेत का? बसलेल्या बदकांची मान लुळी आहे की मागे ताणलेली? अंग थरथरते का, चोचीतून लाळ? शेपटीखाली रक्त? उजेडात डोळे मिटतात का?

मधली काकू, स. ६:५०
कोंबड्या टणटणीत, खुराड्यातच हायत. मान लुळी, फडक्यासारखी. थरथर नाही, लाळ नाही, रक्त नाही. हाक मारली तं पाहते, पण डोळ्याचं पांढरं पडदं अर्ध्यावर येऊन राह्यलं. पंख पसरूनच बसली हाय.

लाखनीची आत्या, स. ६:५२
ढेपेनं झालं असेल. शेंगदाण्याच्या ढेपेले बुरशी लागली की बदकं पटापट जातात. कोंबडी जेवढी बुरशी पचवते तेवढी बदकाले झेपत नाही.

पशुधन ताई, स. ७:०४
आत्या, मुद्दा खराच आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलच्या शेंगदाणा पेंडीनं टर्की हजारोंनी मेले, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तिथूनच कळलं, आणि बदकाची पिल्लं त्याला फार नाजूक. ढेप, मका, कणी यांचा वास घ्या, कुबट असेल तर आजपासून बंद. पण त्यात मान अशी लुळी पडत नाही.

मला वाटते ते असं. बदकांचा प्लेग (विषाणूचा रोग) असता तर शेपटीखाली रक्ताळलेली विष्ठा, उजेड सहन न होणं, नराचा अवयव बाहेर आलेला, आणि नवीन आणलेल्या पक्ष्यांत तीन ते सात दिवसांत मरतूक. प्लेग कोंबड्यांना होत नाही, म्हणून तो अजून पूर्ण सोडता येत नाही. फवारणीचं औषध किंवा बांधीतलं (धानाच्या शेतातलं) दाणेदार औषध खाल्लं असतं (बदक ते खडे समजून टिपते) तर लाळ, थरथर, झटके, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. काकूनं सांगितलं ते उलटं आहे, सगळं ढिलं पडलं आहे आणि शुद्ध आहे. हे बोट्युलिझमचं, म्हणजे एका जंतूच्या विषानं अंग लुळं पडण्याचं चित्र आहे. सडक्या मांसात किंवा सडक्या पाल्याच्या गढूळ पाण्यात, उन्हाच्या दिवसांत, हा जंतू विष तयार करतो. मेलेल्या जनावरावरच्या अळ्यांत ते साठते. अळीला काही होत नाही. बदकानं तीन-चार अळ्या टिपल्या तरी पुरतात.

म्हणून विचारते, परसात मेलेलं काही पडलं आहे का?

धाकट्या काकाचा मुलगा, स. ७:०६
बदकं बिर्याणीत गेली असती तं एवढी चर्चा झाली असती का 😄

मोठे काका, स. ७:०७
पोरा, वेळ पाहून बोल.

पशुधन ताई, स. ७:०८
आजारी पक्षी कापून खायचा नाही, कुत्र्यालाही टाकायचा नाही. आणि पुन्हा सांगते, मेलेलं बदक पुरू नका, बर्फात ठेवा.

शेडवाला दादा, स. ७:१५
ताई, एक मिनिट. दवाखान्यात नेलं आणि बर्ड फ्लू निघाला तं? एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारतात. माझं ब्रॉयलरचं शेड पाचशे पावलांवर हाय. काकूच्या नऊ बदकांपायी भरलेली बॅच जाईल. गपचूप पुरून टाकली तं कोणाचं काय बिघडते?

मधली काकू, स. ७:१६
वा! तुझी बॅच ती बॅच, अन् माझी बदकं म्हणजे कचरा.

पशुधन ताई, स. ७:२४
दादा, तुझी काळजी मला समजते. पण बर्ड फ्लूत बहुतेक वेळा कोंबड्या आधी आणि झपाट्यानं मरतात, बदकं तर कधी विषाणू बाळगून चांगली फिरतात. इथं कोंबड्या टणटणीत आहेत. तरी नाकारता येत नाही, म्हणूनच तपासणी. २००६ साली नवापूरला देशातला पहिला उद्रेक झाला. नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये वाघ आणि बिबट गेले ते याच विषाणूनं, भोपाळच्या प्रयोगशाळेनं सांगितलं. लपवून थांबत नाही.

आणि पैशाचं बोलू. भरपाई सरकार मारलेल्या पक्ष्यांची देते, आधीच मेलेल्यांची नाही. उशिरा कळलं तर तुझाच तोटा. शिवाय जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यानं पक्षी मालकाला संशयित रोगाची माहिती देणं बंधनकारक आहे.

वहिनी, स. ७:३१
ताई, खताच्या खड्ड्याच्या काठावर तीन मेलेल्या ब्रॉयलर पडल्या हायत. अर्ध्या शेणात, पोट फुटलेलं, पांढऱ्या अळ्यांचा थरच. खड्ड्यात पाणी साचलेलं. बदकांच्या पायाचे ठसे काठापासून थेट आतपर्यंत. फोटो पाठवला.

मधली काकू, स. ७:३३
आता बोला. ह्या कोणाच्या शेडातल्या हायत? माझ्या घरी ब्रॉयलर कधी होती का?

शेडवाला दादा, स. ७:४०
शेडात रोज एक-दोन मरतात, ते सगळीकडंच होते. टाकायचं काम गडी करते. मी जाऊन पाहत नाही.

मधली काकू, स. ७:४१
गडी टाकते, अन् माझी बदकं खातात.

मोठे काका, स. ७:४३
दोघंही थांबा. फोनवर भांडू नोका, घर एकच हाय. ताई, पुढं काय करायचं ते सांग.

पशुधन ताई, स. ७:५५
आधी पाचही बदकं खड्ड्यापासून तोडा, गोठ्याच्या सावलीत ठेवा. मान धरवत नसलेल्या दोघांजवळ टोपलं किंवा टाकं ठेवू नका, दोन इंच पाण्यातही चोच बुडून मरतात. पोत्याची घडी करून छातीखाली द्या म्हणजे डोकं वर राहील. मान वर धरून, बिनसुईच्या सिरिंजनं चोचीच्या कडेनं स्वच्छ पाणी दोन-तीन मिली, गिळलं की पुढचं. घाईत श्वासनळीत गेलं तर आपणच मारू. गिळत नसेल तर पाणी देऊ नका. कमी विष गेलेली बदकं स्वच्छ पाण्यावर एक-दोन दिवसांत मान धरतात. चांगल्या तिघांना नाकपुड्या बुडतील एवढं खोल पाणी, दाणा ओला करून.

मेलेल्या ब्रॉयलर अळ्यांसकट उचलायच्या, मोजे घालून. तीन फूट खड्डा, खाली-वर चुन्याचा थर, वर दगड, नाहीतर कुत्रे उकरतात. विहिरीपासून आणि बोडीपासून (लहान तळ्यापासून) लांब. साचलेलं पाणी आजच काढायचं, पण नालीत नाही, दादाचा मुद्दा तिथं बरोबर आहे.

लाखनीची आत्या, स. ७:५८
खताच्या खड्ड्याले तारेची जाळी पाह्यजेच, मी मागंही म्हटलं होतं.

कृषी केंद्रवाले भाऊजी, स. ८:०२
चुना दुकानातून घ्या. पुडी परत मागवतो, हिशेबात धरणार नाही.

पशुधन ताई, स. ८:०५
डॉक्टरांना सांगताना नीट सांगा. बोट्युलिझममध्ये शवविच्छेदनात ठळक काही सापडत नाही, पोटात अळ्या दिसल्या तर दिसल्या. प्लेग असेल तर आतड्यात रक्ताळलेले पट्टे आणि यकृतावर ठिपके दिसतात. म्हणून मेलेल्यासोबत आजारी जिवंत बदकही टोपलीत न्या, रक्त त्याचंच घेतात. मेलेलं बदक पुरू नका, बर्फात ठेवा.

मधली काकू, स. ८:०७
ठेवलं बाई, तीनदा सांगितलं तू. अंड्यांचं काय? अन् पोरं बदकांजवळ जातात.

पशुधन ताई, स. ८:१२
अहवाल येईपर्यंत अंडी खायची नाहीत, कोणाला द्यायची नाहीत. पोरं लांब. परसातून आल्यावर हातपाय साबणानं, आणि खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या. पुढच्या वेळी बाजारातून आणलेली बदकं किमान तीन आठवडे वेगळी ठेवा, आणि आठ ते बारा आठवड्यांच्या वयात प्लेगची लस झाली का हे विक्रेत्याला विचारूनच घ्या.

शेडवाला दादा, स. ८:२०
बर्फ माझ्याकडं हाय, गाडीही काढतो. गड्याले सांगतो, शेडातली मरतूक आजपासून चुन्याच्या खड्ड्यात जाईल. काकू, डबा तयार ठेवा, साडेनऊला निघू.

मधली काकू, स. ८:२४
चुना आण, जाळीही. तीन फूट खड्डा तू खणशील तं मी येते.